पावसाळ्यात आणि समुद्राकाठी कॅमेरा कसा सांभाळायचा: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

जून लागला की नवीन कॅमेरा घेतलेल्या सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, ताम्हिणीला चाललोय, आंबोलीला चाललोय, हरिहरेश्वरला खडकावर फुटणाऱ्या लाटा काढायच्यात, तर कॅमेरा बाहेर काढू का नको? काढा हो, जरूर काढा. सह्याद्री आणि कोकण पावसात जे रूप दाखवतात ते बाकीच्या आठ महिन्यांत बघायला मिळत नाही, आणि नेमका तेव्हाच कॅमेरा कपाटात राहणार असेल तर एवढे पैसे घालून घेतला कशाला. फक्त थोडी तयारी लागते, आणि ती बहुतेकांना कोणी नीट सांगत नाही, दुकानदार रेन कव्हर विकतो आणि विषय संपतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पावसाचं पाणी वेगळं आणि समुद्राचं पाणी वेगळं. पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर पुसलं, वाळलं, की बहुतेक वेळा विषय मिटतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच बसून राहतं. बरं ते नुसतं बसत नाही, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसं पाणी सुटतं तसंच ते कॅमेऱ्यावर पण ओलावा ओढत बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ आपोआप पाझरायला लागतं, आणि कोकणात पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे तुम्हाला कॅमेरा कोरडा वाटतो पण स्क्रूच्या खाचेत, फ्लॅशच्या बुटापाशी (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायची खाच, हॉट शू), बॅटरीच्या दाराच्या कडेला खारं पाणी काम करतच असतं. म्हणून सांगतो, रेन कव्हर महत्त्वाचं आहेच पण कॅमेरा खरा वाचतो तो त्या दिवशी रात्री रूमवर परत आल्यावर तुम्ही काय करता त्याने. खाली ७ नंबरला ते सविस्तर लिहिलंय, घाई असेल तर आधी तेच वाचा.

१. आपल्याकडे नक्की काय आहे ते बघा

"वेदर सील्ड" म्हणजे वॉटरप्रूफ नाही. सील्ड म्हणजे सांध्यांमध्ये रबराच्या पट्ट्या घातल्यात, रिमझिम आणि थोडेफार शिंतोडे सोसेल एवढंच. आणि नवशिक्यांसाठीचे जे कॅमेरे आपल्याकडे जास्त खपले, कॅननचा १५००डी, निकॉनचा डी३५०० वगैरे, त्यांना हे सीलिंग नाहीच, सोबत येणाऱ्या १८-५५ किट लेन्सलाही नाही. त्यांनी पावसात फोटो निघत नाहीत असं नाही, पण कव्हरशिवाय काढायचे नाहीत.

लेन्स सील्ड आहे का ते ओळखायची सोपी खूण म्हणजे लेन्स काढून मागची धातूची कडा बघा, तिच्याभोवती बारीक रबराची कड दिसली तर बहुतेक सील्ड आहे. बॉडी (लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा) सील्ड आणि लेन्स साधी असेल तर पाणी लेन्सच्या बाजूने आत जाणार, त्यामुळे दोन्ही लागतात. काही महागड्या लेन्सना सुद्धा पुढे फिल्टर (लेन्सवर आट्यांनी बसवायची काच) लावल्याशिवाय सीलिंग पूर्ण होत नाही, कॅननची १७-४० त्यातलीच. ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं पण मॅन्युअल कोण वाचतं, तर यावेळी वाचा.

बहुतेक कंपन्या कॅमेऱ्याला आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो ते सांगणारा आकडा, देतच नाहीत. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ ला आयपी५३ आहे, त्यातला ३ चा अर्थ वरून आणि तिरक्या येणाऱ्या फवाऱ्यापासून बचाव, बुडवण्यापासून नाही. फोनला आयपी६८ असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्यात होते, आणि पाणी जाऊन बिघडला तर वॉरंटीत सहसा बसत नाही. फोन समुद्रात भिजला तर गोड्या पाण्याने हलका धुवा, आणि चार्जिंगचं भोक पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नका.

२. सोबत काय घ्यायचं

- मायक्रोफायबरची तीन-चार फडकी. त्यातलं एक फक्त खाऱ्या पाण्यासाठी, त्याला गाठ मारून ठेवा म्हणजे अंधारात पण कळतं. हे फडकं काचेला लावायचं नाही.
- एक जुना सुती पंचा. पाणी टिपायला याच्यासारखं दुसरं काही नाही, मायक्रोफायबर भिजलं की नुसतं पाणी पसरवतं.
- रेन कव्हर, नाहीतर जाड पारदर्शक पिशव्या आणि रबर बँड.
- लेन्सचा हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी नळकांडी) आणि बऱ्यापैकी यूव्ही फिल्टर. एरवी फिल्टर लावावा का यावर लोक भांडत बसतात, समुद्रावर मात्र लावाच.
- धूळ-वाळू उडवायला हाताने दाबायचा ब्लोअर.
- गोड्या पाण्याची छोटी स्प्रे बाटली. नळाचं पाणी चालतं, बोअरचं क्षारवालं नको.
- मोठ्या झिपलॉक पिशव्या, कॅमेरा लेन्ससकट मावेल एवढ्या.
- होडीने जाणार असाल तर तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग.
- सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, हा घरी डब्यात ठेवायला.

कागदपत्रं म्हणाल तर कॅमेऱ्याचं बिल, वॉरंटी कार्ड, बॉडी आणि लेन्सच्या सिरियल नंबरचे फोटो, आणि विमा असेल तर पॉलिसीचा कागद. सगळं फोनमध्ये पण ठेवा आणि घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा, कारण फोन आणि कॅमेरा एकदमच भिजतात.

३. पिशवीचं रेन कव्हर

विकतचं असेल तर चांगलंच, नसेल तर अडून राहू नका. जाड पारदर्शक पिशवी घ्या, तळाला हूडच्या तोंडापेक्षा थोडं लहान भोक कापा, हूड त्यातून ताणून बाहेर काढा आणि वरून रबर बँड बसवा. रबर बँड हूडवर बसला पाहिजे, फोकस रिंगवर नाही, नाहीतर ऑटोफोकसला अडकतो. व्ह्यूफाइंडरचं रबरी आयकप निघत असेल तर ते काढा, पिशवी तिथे टेकवा, बारीक छेद द्या आणि आयकप परत बाहेरून लावा, पिशवी मध्ये घट्ट धरली जाते आणि डोळ्यासमोर प्लॅस्टिक येत नाही. खालची बाजू उघडी राहू द्या, तिथूनच हात घालायचे. कॅमेरा पिशवीत गच्च बांधून तासनतास फिरलात तर हाताच्या घामाची वाफ आतच राहते, आणि बाहेरून कोरडा असलेला कॅमेरा आतून ओला निघतो. पाऊस थांबला की कव्हर काढा, हवा लागू द्या.

४. घाटात, धो-धो पावसात

काही जागा अशा आहेत जिथे वर सांगितलेलं, खालून उघडं कव्हर चालत नाही. नाणेघाट किंवा आंबोलीजवळचं कावळेसाद, जिथे वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो. तिथे पाऊस खालून येतो, उघड्या तोंडाच्या कव्हरमध्ये सरळ आत घुसतो. तिथे कव्हरचं तोंड मनगटाला रबर बँडने हलकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करून उभे रहा, आणि फोटो झाला की कॅमेरा लगेच जॅकेटच्या आत.

बाकी सवयी सगळीकडे सारख्या. फोटो काढत नसाल तेव्हा लेन्स जमिनीकडे. हूड उन्हासाठी असतो असं लोक समजतात, पावसात त्याचा जास्त उपयोग. लेन्स पावसात बदलायची नाही म्हणजे नाहीच, झाडाखाली पण नाही, झाडाखाली तर थेंब जास्त मोठे पडतात. निघायच्या आधीच ठरवा आज कुठली लेन्स आणि तीच लावून निघा. झूम केल्यावर जी लेन्स लांब होते तिच्या बाबतीत आणखी एक, परत आत घेण्याआधी बाहेर आलेली नळी पंचाने टिपून घ्या. ती नळी आत जाताना अंगावरचं पाणी घेऊन जाते आणि बाहेर येताना ओली हवा आत ओढते, आणि लेन्स आतून धुकट व्हायची सुरुवात तिथूनच होते.

रात्री आंबोलीत बेडूक, सापांचे फोटो काढायला जाणारे बरेच असतात. त्यांनी फ्लॅशकडे लक्ष द्या, कॅमेरा झाकतात आणि फ्लॅश उघडा ठेवतात. फ्लॅश आणि कॅमेऱ्याच्या मधल्या बुटात पाणी गेलं की फ्लॅश आपोआप उडायला लागतो किंवा उडतच नाही, आणि फ्लॅशच्या आत मोठ्या व्होल्टेजचं काम असतं, तो ओला झाला तर चालू ठेवू नका. बॅग चिखलात ठेवायची झाली तर खाली प्लॅस्टिक टाका, बॅगेचं रेन कव्हर वरून झाकतं, पाठीकडून आणि बुडातून नाही.

५. समुद्राकाठी

कॅमेऱ्याच्या आधी जीव. भरती-ओहोटीची वेळ बघितल्याशिवाय खडकावर उतरू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मुंबई महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पावसाळ्याआधीच जाहीर करते, त्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर उभं राहून फोटो काढायचा नाही, रस्त्याच्या पलीकडून टेली लेन्सने (लांबचं जवळ दाखवणाऱ्या) काढा, फोटो उलट जास्त चांगला येतो कारण लाट आणि माणसं दोन्हीची उंची कळते. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग भरतीला पाण्याखाली जातो, तिथे एक फोटो अजून म्हणून थांबू नका. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते, हवामान खात्याचे अलर्ट तर असतातच, निघायच्या आधी दोन्ही बघा.

आता मिठाचं. लाट अंगावर आली नाही म्हणजे कॅमेरा वाचला असं नाही. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय ना, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात आणि रात्री ते पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई. पाऊस नसतानाच्या महिन्यांत हे घड्याळासारखं चालतं, त्यामुळे पहाटेच्या वेळी किनाऱ्यावर लेन्सवर मीठ कमी बसतं आणि दुपारनंतर जास्त. संध्याकाळचा सूर्यास्त सगळ्यांनाच हवा असतो, काढा, पण दर दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर तिरका धरून उजेडात बघा. आधी बारीक पांढुरके ठिपके दिसतात, मग ते एकमेकांत मिसळून दुधी पातळ थर होतो. स्क्रीनवर फोटो ठीकच वाटतो, घरी मोठ्या पडद्यावर बघितला की सूर्याभोवती धुकं आणि सगळे काळे भाग राखाडी.

हा थर कोरड्या फडक्याने चोळायचा नाही. मिठाचे खडे असतात ते, वाळूचे कण पण असतात, काचेवरच्या पातळ थरावर (कोटिंगवर) ओरखडे येतात. आधी ब्लोअर, मग स्वच्छ, गाठ नसलेल्या फडक्याच्या कोपऱ्यावर स्प्रेचं गोडं पाणी घेऊन हलकं टिपायचं, थर विरघळला की मग कोरड्या फडक्याने मधून बाहेर गोल पुसायचं. पाणी फडक्यावर मारायचं, लेन्सवर कधीच नाही.

ट्रायपॉड लाटेत उभा करणार असाल तर सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे सांधा पाण्याच्या वर राहतो. बहुतेक जण वरचे जाड भाग आधी काढतात आणि मग लॉक नेमकं वाळूत. आणि पाण्यातून काढल्या काढल्या पाय आत ढकलू नका, खारं पाणी आणि वाळू आत कोंडते.

राजपुरीहून जंजिऱ्याला किंवा मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जाताना, या होड्या पावसाळ्यात बंदच असतात, पण हिवाळ्यात पण पाणी उडतंच. चढताना आणि उतरताना कॅमेरा ड्राय बॅगमध्ये, गळ्यात नाही. एक हात मोकळा लागतो तिथे, आणि जास्तीत जास्त कॅमेरे आपटतात ते होडी आणि जेट्टीच्या मधल्या त्या एका पावलात.

वेळासला कासवांच्या पिल्लांचे फोटो काढायला जाणाऱ्यांनी फ्लॅश बंद ठेवा, आणि खालच्या कोनासाठी कॅमेरा ओल्या वाळूवर टेकवायचा मोह होतो तर खाली जेवणाचं जुनं ताट किंवा चटईचा तुकडा ठेवा. झूम रिंग फिरवताना करकर आवाज आला तर तिथेच थांबा, फिरवत राहिलात तर वाळू आणखी आत जाते.

६. एसीचा सापळा

हॉटेलात रात्रभर एसी, सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर आलात की पाच सेकंदात काच पांढरी. बाहेरची दमट हवा थंड काचेवर पाणी सोडते, आणि बाहेरच्या काचेवर दिसतं तेव्हा आतल्या काचेवर पण होत असतं. उपाय सोपा आहे, एसीच्या खोलीतच कॅमेरा झिपलॉकमध्ये घालून हवा काढून बंद करा, बाहेर आणून अर्धा तास तसाच ठेवा, पाणी पिशवीच्या बाहेरून जमतं. गाडीत पण तेच, स्पॉट यायच्या आधी एसी बंद करून काचा खाली करा. धुकं आलंच तर पुसत बसू नका आणि लेन्स तर अजिबात काढू नका, सेन्सरवर पाणी धरेल. थांबा, आपोआप जातं.

७. परत आल्यावर, त्याच रात्री

इथे कंटाळा करायचा नाही. जेवायच्या आधी करा, जेवलं की झोप येते. आमच्या ग्रुपमधल्या एका दादाने समुद्रावरून आल्यावर कॅमेरा तसाच बॅगेत ठेवला, पुढच्या महिन्यात काढला तर बॅटरीच्या दाराच्या आत हिरवट पूड धरलेली आणि यूव्ही फिल्टर लेन्सला असा चिकटलेला की कापून काढावा लागला.

क्रम असा ठेवा. सगळी दारं, रबरी झाकणं बंद आहेत ना बघा, लेन्स लावलेलीच असू द्या, कॅमेरा बंद करा. पंचाने बाहेरचं पाणी टिपा, चोळू नका. मग गाठवालं फडकं गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, थेंब पडता कामा नये, आणि सगळी बॉडी पुसा. डायलच्या खाचा, फ्लॅशचा बूट, पट्ट्याच्या कड्या, ट्रायपॉडचा खालचा स्क्रू, लेन्स आणि बॉडीच्या मधली फट. फडकं पाण्यात खळबळून पुन्हा एकदा सगळं पुसा, कारण पहिल्या वेळी मीठ नुसतं विरघळतं, दुसऱ्या वेळी निघतं. त्यानंतर कोरडं फडकं. मग पंख्याखाली तासभर.

पूर्ण कोरडा झाल्यावरच लेन्स काढायची, तीही कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. बॅटरी आणि कार्ड काढा, दाराच्या आतली कड बघा, ओल दिसली तर टिश्यूच्या टोकाने टिपा. फिल्टर काढून नळाखाली धुवा, आटे अंगठ्याने चोळा. हूड धुवा. आणि गळ्याचा पट्टा, हा सगळे विसरतात, तो मिठाने भरलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी बॅगेत कॅमेऱ्याला चिकटून बसतो. तो सरळ बादलीत बुडवा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करून गोड्या पाण्याने धुवा, लॉक सैल करून उभा वाळवा. कुठेही तेल, डब्ल्यूडी-४० असलं काही मारू नका, सुगंधी ओले वाइप्स पण नकोत.

८. घरी ठेवायचं कुठे

बॅगेत घालून कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट. बॅगेचा फोम ओलावा धरतो, कपाटात अंधार, आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीला एवढं पुरतं. आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की लेन्सच्या आत बुरशी धरते. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, आणि ती काचेच्या कोटिंगला कायमचा डाग पाडते, उशीर केला तर साफ करूनही खूण राहते.

परवडत असेल तर इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट (आतली आर्द्रता ठरवून ठेवणारं छोटं कपाट) घ्या आणि ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. नसेल परवडत तर झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि हायग्रोमीटर, तेवढंच काम होतं. ३० च्या खाली खूप दिवस नको, रबर आणि आतलं ग्रीस कोरडं पडतं. निळं जेल गुलाबी झालं किंवा केशरी जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशाला दोन-तीन तास तापवा. निळ्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात भाजू नका, केशरीच घ्या शक्यतो. डब्यात तांदूळ टाकायचा सल्ला कोणी देईल, त्याची पूड आत जाते बाकी काही होत नाही. डांबराच्या गोळ्या तर चुकूनही नको.

९. पडलाच पाण्यात तर

चालू करून बघायचा मोह टाळा. बंद करा, बॅटरी काढा, कार्ड काढा. खाऱ्या पाण्यात पडला असेल तर बाहेरून गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या, चार दिवस वाळवत ठेवू नका, वाळतं तसं मीठ सर्किटवर जमतं. हेअर ड्रायर मारायचा नाही, गरम हवा पाणी आणखी आत ढकलते. काउंटरवर "समुद्राच्या पाण्यात पडला" असं स्पष्ट सांगा आणि जॉब शीटवर लिहून घ्या. लोक वॉरंटीच्या आशेने लपवतात, उघडल्यावर त्यांना दिसतंच, आणि मधले दिवस फुकट जातात.

१०. विमा

घराच्या विम्यात कॅमेरा बहुतेक घराच्या चार भिंतींपुरताच असतो, त्यामुळे एजंटला तीन गोष्टी विचारा: घराबाहेर, प्रवासात चालतो का, पाण्याने झालेलं नुकसान धरलंय का, आणि पैसे घेऊन काम करत असाल तर तो वापर चालतो का. तिन्हीची उत्तरं तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या शब्दांत दाखवा म्हणा. हे सगळं मे महिन्यातच उरकून घ्या.